ज्योतीची सायकल उतारावर थांबेना

नथ्थूबापूंनी सायकल माझ्या दुकानाच्या काउंटरला टेकवली आणि हात झटकले.

"ताई, हाई सायकल आठेच ऱ्हाऊ द्या. मन्ही सून आते नोकरी सोडी देई."

सून म्हणजे ज्योती. ती त्यांच्या मागे दारात उभी होती. उजव्या कोपराला पट्टी, हनुवटीला खरचटलेलं, हातात हेल्मेट.

"दोन येळा पडनी," बापू म्हणाले. "तिसरी येळनी वाट देखू का मी?"

"नक्की काय झालं?" मी ज्योतीला विचारलं.

"काल दुपारी, मावशी. मागच्या वेळच्याच वळणावर. दोन्ही ब्रेक पार दाबले होते. चाक नुसतं ओरडतं आणि सायकल पुढे जातच राहते. शेवटी मी मुद्दाम झुडपात घातली."

"झुडूप व्हतं म्हनीसन वाचनी," बापू म्हणाले. "बाजूले नाला शे."

ईरा, चिन्मय, माझ्या नातवंडांनो, तुम्ही दोघं अशा देशात सायकल चालवता जिथे पूल सोडला तर चढ नाही. म्हणून आधी थोडा भूगोल. शहाद्याहून उत्तरेला निघालं की केळी, कापूस आणि ऊस संपतो तिथे सातपुड्याचा पायथा लागतो. ज्योतीचं गाव तिथे आहे. ती ग्रामीण डाक सेवक आहे. गावातल्या टपाल कार्यालयातून पिशवी घ्यायची आणि वरच्या पाच पाड्यांवर पत्रं, बँकेची कार्डं, म्हाताऱ्यांचं पेन्शन पोहोचवायचं, हे तिचं काम. पाडा म्हणजे डोंगरातली पाच-पंचवीस घरांची वस्ती. घरातली मोटरसायकल तिचा नवरा साखर कारखान्यात कामावर नेतो. पायी फिरलं तर पाच पाड्यांना संध्याकाळ होते. म्हणून तिने आमच्याकडून माउंटन बाइक घेतली होती. दहावीच्या मार्कांवर लागलेली नोकरी आहे. एकदा राजीनामा दिला की ती दुसऱ्याची होते.

आणि राजीनामा सोमवारी द्यायचा, असं घरात ठरलं होतं. तो दिवस गुरुवार होता.

"तुझ्या नवऱ्याचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"बापू म्हणतील तसं," ज्योती म्हणाली.

"आणि तुझं?"

तिने बापूंकडे पाहिलं आणि मग सायकलकडे. "ब्रेक लागला तर मला जायचंय, मावशी."

तिचं म्हणणं इतकंच होतं, आणि ते माझ्या दुकानावर येऊन थांबत होतं. सायकल आम्ही विकली होती. तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा ती पडली तेव्हा ब्रेकचे पॅड आम्हीच बदलले होते. जॉब कार्डावर माझ्या अक्षरात 'पॅड बदलले, टेस्ट ओके' असं लिहिलं होतं. कारण काय होतं, ते लिहिलेलं नव्हतं. मला ते कळलंच नव्हतं. कारण कळल्याशिवाय कार्ड बंद करायचं नाही, हा या दुकानातला नियम मीच केलेला आहे, आणि त्या दिवशी दुकानात गर्दी होती म्हणून मीच तो मोडला होता.

मी बापूंना म्हटलं, "रविवारपर्यंत सायकल माझ्याकडे ठेवा. तोवर मला कारण सापडलं नाही, तर सोमवारी तुम्ही म्हणाल तसं."

"ठेवा ना. विकी टाका तरी चाली," असं म्हणून बापू बैलांसाठी सरकी पेंड आणायला बाजारात गेले.

आता ब्रेकबद्दल थोडं. तुमचे बाबा लहानपणी चालवायचे त्या काळ्या सायकलला ब्रेक चाकाच्या कडेवर लागायचा. रबराचे दोन ठोकळे रिमला घासायचे. माउंटन बाइकला चाकाच्या मधोमध स्टीलची पातळ तबकडी असते. तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या दोन वड्या असतात, ते पॅड. हँडलवरची लिव्हर दाबली की पॅड डिस्कला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. रिम वाकलं, टायर चिखलाने भरला, तरी हा ब्रेक काम करतो. म्हणून डोंगरात जाणाऱ्याला आम्ही डिस्क ब्रेकच देतो. पुढच्या चाकाला एक, मागच्याला एक. दोन्ही एकदम निकामी व्हायला काहीतरी दोन्हीकडे सारखं घडावं लागतं.

रफिकभाईंनी चाक काढलं. रफिकभाई आमचे मिस्त्री. तुमच्या आजोबांच्या वेळेपासून आहेत. मी बडोद्याला इंग्रजीतून शिकले, म्हणून लग्नानंतर कंपन्यांची मॅन्युअलं वाचून दाखवणं माझ्याकडे आलं. रफिकभाई ती ऐकून घेतात आणि मग स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवतात. बहुतेक वेळा बोटंच बरोबर निघतात. त्यांनी पॅड उजेडात धरले. काळे आणि काचेसारखे चकचकीत.

"भाभी, ये पॅडने तेल पिया है."

"कुठलं तेल? डिस्क तर स्वच्छ आहे."

"साबून से धो के लाये ना. अब क्या दिखेगा."

खरं होतं. सायकल इतकी लख्ख होती की स्पोकच्या मुळाशीसुद्धा धूळ नव्हती. आमच्याकडे दुरुस्तीला येणारी सायकल धुऊनच आणतात. डॉक्टरकडे जाताना माणूस स्वच्छ कपडे घालतो, तसं. त्यात पुरावा वाहून जातो, हे कुणाला कसं सांगणार?

मी ज्योतीला विचारलं, "ब्रेकवर कुठे तेल सांडलं का?"

"नाही मावशी. मी तर चेनलासुद्धा हात लावत नाही. सकाळी पिशवी बांधते आणि निघते."

उत्तर त्या वाक्यातच होतं. चेन मात्र छान तेल दिलेली होती, आणि तिने हात लावला नव्हता, तर कुणीतरी लावला असणारच. मी ते ऐकलं आणि पुढे गेले. तोवर माझ्या डोक्यात कंपनीला फोन करायचं आलं होतं.

कंपनीचे सर्व्हिस इंजिनिअर नाशिकला बसतात. फोन मी स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, लेडी रायडर आहे का?"

"रायडर आहे. रोज डोंगरात जाते."

"मग तेच. उतारभर ब्रेक धरून ठेवत असणार. पॅड ओव्हरहीट होतात, वर चकचकीत थर येतो. ग्लेझिंग म्हणतात त्याला. रायडर एरर आहे. वॉरंटीत बसणार नाही."

"वॉरंटी मी मागितलीच नाही. कारण विचारलं."

"कारण तेच, मॅडम."

"तुम्ही सायकल पाहिलेली नाही."

"बहुतेक केसेस अशाच असतात."

"आणि उरलेल्या?"

"मेल टाका ना, मॅडम."

रफिकभाई हसले नाहीत, पण पाना जरा जोरात खाली ठेवला. तरी इंजिनिअरचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला तर पॅड खरंच तापतात आणि पकड जाते. तेव्हा ज्योती उतरते कशी, हे बघणं भाग होतं. रफिकभाईंनी डिस्क पुसली, नवे पॅड बसवले, आणि आम्ही तिघं गोमाईच्या काठी गेलो. तिथे नदीत उतरणारा जुना गाडीरस्ता आहे. बराच उभा आहे आणि खाली वळण आहे. मी खाली थांबले.

ज्योती उतरली. पुढचं तुम्ही दोघांनी नीट वाचा, कारण सुट्टीत डोंगरात जाल तेव्हा उपयोगी पडेल. उतार सुरू होण्याआधी तिने थांबून सीट खाली घेतली. दोन्ही पेडल एका रेषेत, म्हणजे एक पाय खाली लोंबत नाही आणि दगडाला लागत नाही. सीटवरून किंचित उठून वजन मागे. नजर चाकाजवळ नाही, पुढच्या वळणावर. ब्रेक दोन्ही, पण धरून ठेवलेले नाहीत. दाबायचे, सोडायचे, दाबायचे, सोडायचे. वळणाच्या आधी वेग कमी केला आणि वळणात ब्रेक मोकळा सोडला. वळणात ब्रेक दाबणारा माणूस बहुधा वळणातच पडतो.

तिला मी एकही गोष्ट सांगितली नव्हती.

"हे कुठे शिकलीस?"

"थोडं मोबाइलवर बघून," ती म्हणाली. "बाकी पडून."

तिने पाच वेळा तो उतार उतरला. पाचही वेळा सायकल पाहिजे तिथे थांबली. मी कार्डावर लिहिलं: रायडर एरर नाही.

दुकानात परत आलो तर बापू पेंडीच्या पोत्यावर बसून वाट पाहत होते. मी सांगितलं, ब्रेक उत्तम लागतोय, सूनबाई उत्तम चालवतात.

"पहिले बी लागता ना," बापू म्हणाले. "पॅड बदलात तवय थोडा दिन चांगला चालना. मंग परत तेच."

अहिराणी तुम्हाला थोडी कळते, तरी सांगते: मागेही पॅड बदलल्यावर थोडे दिवस चांगला चालला होता, मग पुन्हा तेच झालं. बापूंचं बरोबर होतं. दुकानात ब्रेक लागतो आणि गावात जाऊन बिघडतो, तर बिघाड दुकानात सापडणार नाही.

"मग रविवारी सायकल घेऊन मीच येते," मी म्हटलं. "ती कुठे राहते ते मला बघायचंय."

बापूंनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. "ताई, सायकल आम्हना घर ऱ्हास. अजून कठे ऱ्हाई?"

रविवारी सकाळी मालाच्या रिक्षात सायकल टाकून मी आणि रफिकभाई निघालो. हंगामाचे दिवस होते. कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक, प्रत्येकाच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या. मी अजून रोज दुकानात सायकलनेच जाते, हे तुमच्या आईला आवडत नाही, माहीत आहे. पण डबल ट्रॉली दिसली की मी सरळ उतरून रस्त्याच्या खाली उभी राहते. मागची ट्रॉली पुढचीच्या रेषेत कधीच चालत नाही. सायकलस्वाराने मान राखायचा तो फक्त तिचा.

ज्योतीच्या अंगणात बैलगाडी होती. हल्ली ती कमी दिसते. बापूंनी अर्धं आयुष्य गाडीने कारखान्यावर ऊस वाहिला. आता बैल शेतापुरते आहेत, पण गाडी अजून रोज निघेल अशी ठेवलेली. तिच्या आणि भिंतीच्या मधे सायकलची जागा. खाली गोणपाट, वर जुन्या लुगड्याचं पांघरूण घडी करून ठेवलेलं. मी आजवर विकलेल्या सायकलींपैकी इतक्या आदराने ठेवलेली दुसरी पाहिलेली नाही.

चहा झाला. मी आजूबाजूला पाहत होते. वर कौलांतून काही ठिबकतं का, कोंबड्या बसतात का, शेजारी फवारणीचा पंप ठेवतात का. काही नव्हतं. रफिकभाई खाटेवर बसून डोळ्यांनी विचारत होते, आता काय?

मग मी विचारलं, "बापू, आज रविवार. आम्ही आलो नसतो तर तुम्ही आत्ता सायकलचं काय केलं असतं?"

"काय करतू? रोजनं तेच."

"करून दाखवता?"

ते उठले. गाडीच्या साटीखाली टांगलेला डबा काढला. त्यात एरंडेल होतं आणि काथ्याचा एक कुंचला. बैलगाडीच्या आसाला वंगण देतात तो कुंचला. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, मागचं चाक उचललं आणि काम सुरू केलं. घाई नाही. चेनला थोडं. पेडलच्या मुळाशी थोडं. चाकाच्या मधल्या बुशाला थोडं. मग डाव्या हाताने चाक फिरवत ठेवलं आणि उजव्या हाताने कुंचला डिस्कवर टेकवला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, पूर्ण गोल. डिस्क तेलाने चमकायला लागली.

रफिकभाई खाटेवरून उठले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. पुढच्या चाकालाही बापूंनी तसंच केलं. मग कुंचला डब्यात ठेवला.

"बापू, त्या थाळीला कधीपासून तेल देताय?"

"पहिला दिनपाईन. दर रईवारले. ती बोंबलस ना, ताई. जठे बोंबलस तठे तेल मांगस." आणि मग, मला समाधान वाटावं म्हणून, "पहिली येळ पडनी ना, तवयपाईन बुधवारले बी देस. पहाटले, ढोरंस्ले चारा टाकाना येळले. ती उठाना पहिले."

म्हणजे ती पहिल्यांदा पडल्यापासून बुधवारीही तेल, पहाटे, ती उठायच्या आधी. ज्योती दुसऱ्यांदा बुधवारी पडली होती.

ती चुलीपाशी कपबशा धूत होती. तिचा हात थांबला. चेनला बापू तेल देतात हे तिला माहीत होतं. डिस्कला देतात हे माहीत नव्हतं, आणि मी तिला तसं विचारलंही नव्हतं. मी विचारलं होतं, तेल सांडलं का? हे सांडलेलं नव्हतं. नेमाने घातलेलं होतं.

"आमच्या मिस्त्रींनी सांगितलं का असं करायला?" मी विचारलं.

"मिस्त्रीनी नही. तुम्हीच ना." बापू घरात गेले आणि खुंटीवरून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद घेऊन आले. "ज्योतीनी वाची दाखाडं व्हतं मले."

तो आमच्या दुकानाचा 'सायकलची निगा' हा कागद होता. प्रत्येक नव्या सायकलबरोबर देतो तो. शब्दन् शब्द माझा. चौथी ओळ: 'सायकलच्या फिरणाऱ्या सर्व भागांना आठवड्यातून एकदा तेल द्यावे.' हे मी लिहिलं तेव्हा दुकानात काळ्या सायकलीच विकल्या जायच्या आणि ते वाक्य बरोबर होतं. काळ्या सायकलला डिस्कच नव्हती. माउंटन बाइक आल्या तेव्हा मी कागद पुन्हा छापून घेतला. नवा फोन नंबर घातला, अक्षर मोठं केलं, कडेला चौकट घातली. मजकूर पुन्हा वाचला नाही. स्वतः लिहिलेलं आहे, त्यात काय वाचायचं, असं वाटलं असणार.

डिस्क हा फिरणारा भाग आहे. बापूंनी कागदात लिहिल्याप्रमाणे केलं होतं. उलट इतक्या काटेकोरपणे माझा कागद पाळणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

आता हे त्यांना सांगायचं होतं. मी उगाच फिरवून बोलले नाही.

"बापू, ही थाळी म्हणजेच ब्रेक आहे. चाक तिलाच धरून थांबतं. तिला तेल लागलं की धरता येत नाही, निसटतं."

बापूंनी डब्याकडे पाहिलं. मग डिस्ककडे. बोटाने तिला स्पर्श केला आणि बोट अंगठ्यावर चोळलं. आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाला यापुढे समजावायची गरज नव्हती.

"मंग तिले मीच पाडं?" ते म्हणाले.

"कागदाने पाडलं. कागद माझा आहे."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. तशी वस्तुस्थिती होती. पण त्यांनी ते ऐकल्यासारखं वाटलं नाही. ते उठून बैलांकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ज्योती त्यांच्या मागे जायला निघाली. दोन पावलं गेली आणि थांबली. मग परत येऊन कपबशांपाशी बसली, पण धुतल्या नाहीत.

रफिकभाईंनी पिशवी उघडली. अशा वेळी ते बोलत नाहीत, काम काढतात. सुदैवाने मी पॅडचा एक जादा जोड आणला होता, दोन्ही चाकांचा. गुरुवारी बसवलेले पॅड काढले. तेल प्यालेला पॅड पुसून परत वापरता येत नाही, तो फेकूनच द्यायचा. डिस्क मात्र साफ होते. औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या फडक्यावर घ्यायचं आणि पुसत राहायचं. फडकं काळं, मग पिवळं, मग पांढरं येईपर्यंत.

तिसरं फडकं पांढरं आलं तेव्हा बापू शेजारी उभे होते. केव्हा आले कळलं नाही. त्यांनी फडकं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, नाकाशी नेलं.

"अजून एकदाव पुसा," ते म्हणाले.

"चाचा, साफ हो गया."

"व्हयना व्हई. तरी पुसा."

रफिकभाईंनी पुसलं. मागच्या चाकाचं फडकं मग बापूंनीच घेतलं.

नवे पॅड बसवल्यावर त्यांना डिस्कशी जुळवून घ्यायला लागतं. बेताच्या वेगाने चालवायचं, ब्रेक घट्ट दाबायचा, पण पूर्ण थांबू द्यायचं नाही, सोडायचा, पुन्हा. असं वीसेक वेळा, दोन्ही ब्रेकना. ज्योतीने गावातल्या गल्लीत ते केलं. ओट्यांवरची मंडळी बघत होती. एकाने विचारलं, "काय वो, टपाल नही का आज?" ती म्हणाली, "आज रईवार शे, बाबा. ब्रेक वाटी ऱ्हायनू."

मग आम्ही त्या वळणावर गेलो. तिची पडण्याची जागा मला अजून स्पष्ट आठवते. लाल मातीचा उतार, वर सैल खडी, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला एक पुरुष बुडेल इतका खोल नाला. झुडूप अर्धं मोडलेलं होतं. ज्योती सायकल हातात धरून वर चढत गेली. मी आणि रफिकभाई आतल्या अंगाला, सुरक्षित उभे राहिलो. बापू सरळ चालत जाऊन बाहेरच्या कडेला, रस्ता आणि नाला यांच्या मधे उभे राहिले.

"बापू, इकडे या. तिथे नका उभे राहू."

"ऱ्हाऊ द्या, ताई. ती आठे उनी तं मी शे."

"अहो, ती आली तर तुम्हाला घेऊन जाईल."

"लई जाऊ दे."

कामाच्या दृष्टीने हे चूक होतं. टेस्टच्या वेळी उताराच्या बाहेरच्या अंगाला कुणी उभं राहू नये, हे मी दुकानात दहा वेळा सांगितलेलं आहे. पण तो माणूस तिथून हलणार नव्हता, आणि वर ज्योतीने सीट खाली घेतली होती.

ती निघाली. खडीचा आवाज आला, मग टायरचा. वळणाच्या आधी तिने वेग कमी केला. मग बापूंच्या पुढे, हात लांब केला तर हँडल हाताला लागेल इतक्या अंतरावर, सायकल थांबली. एक पाय खाली टेकवून ती तशीच उभी राहिली.

बापू डिस्ककडे पाहत होते.

"बोंबलनी नही," ते म्हणाले.

"नाही बोंबलत आता," ज्योती म्हणाली.

बापूंनी डोक्यावरचा रुमाल काढला, तोंड पुसलं आणि पुन्हा बांधला. "उद्या कितला वाजता निंघानं शे तुले?"

"रोजनाच टाइमले, बापू."

"मंग चाल घर. ताईले भाकर खावाडू."

राजीनाम्याचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. जेवताना बापूंनी एकदाच विचारलं, "मंग मी आते रईवारले काय करू?" प्रश्न रास्त होता. ज्याने इतका जीव लावला, त्याच्या हातातून काम काढून घेऊन चालणार नव्हतं. मी त्यांना चेन दिली. प्रत्येक कडीवर एक थेंब, मग कोरड्या फडक्याने जादा तेल पुसून काढायचं, आणि ते करताना डिस्कवर पिशवी चढवून ठेवायची. शिवाय टायर. इकडे पंक्चर होतं ते बाभळीच्या काट्याने, आणि काटा घुसल्या दिवशी कळत नाही. आठवड्यातून एकदा टायरवर बोट फिरवून काटे उपसायचे. ज्योतीला त्यानंतर बराच काळ पंक्चर झालं नाही.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. पाचही पाडे झाले, मावशी. एवढंच. मी कार्डावर कारण लिहिलं आणि ते बंद केलं.

पण काम तिथे संपलं नव्हतं. तोच कागद घेऊन गेलेल्या डिस्क ब्रेकच्या सगळ्या सायकली आम्ही विक्रीच्या वहीतून शोधल्या आणि प्रत्येक घरी फोन केला. चालवणाऱ्याला विचारलं नाही. विचारलं, तुमच्याकडे सायकल पुसतं कोण, त्यांना फोन द्या. तीन घरांत डिस्कला तेल मिळत होतं. एका घरी खोबरेल. कागदाचा उरलेला गठ्ठा मी रद्दीत टाकला आणि नवा छापून घेतला, डिस्कचं चित्र आणि त्यावर लाल फुली असलेला. कंपनीलाही मेल केला. इंजिनिअर साहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं, की कस्टमर एज्युकेशनची गरज दिसते. मी कळवलं, की गरज डीलरला होती आणि ती आता पूर्ण झाली आहे.

नव्या कागदावर मी खूश होते. पाऊस सुरू व्हायच्या आधी बापू दुकानात आले. ज्योतीच्या सायकलला पुढे-मागे दिवे हवे होते, ढगाळ दिवसांत उतारावर समोरच्याला दिसावी म्हणून. मी डबा काढला, कसे लावायचे आणि चार्ज करायचे त्याचं माहितीपत्रक उघडलं, चष्मा लावला आणि पहिली ओळ वाचायला सुरुवात केली.

बापूंनी पत्रकावर हात ठेवला.

"कागद ऱ्हाऊ द्या, ताई. करी दाखाडा."

रफिकभाईंनी दिवा लावून दाखवला. बापूंनी तो काढला, पुन्हा स्वतः लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला. मग मान हलवून सायकल घेऊन गेले. तेव्हापासून आमच्याकडून सायकल नेणाऱ्याला कागद अजून देतो, पण सायकल सांभाळणारा माणूस दुकानात येऊन आमच्यासमोर स्वतःच्या हाताने तेल देऊन दाखवत नाही, तोवर सायकल बाहेर जात नाही.